पेशीचं वीजकेंद्र

३ फेब्रुवारी, डंडी
संकल्प : यंदाचा निधी आपलाच. पार्किन्सन्सच्या औषधासाठी माइटोकॉन्ड्रियामागे वीस वर्षं घालवलीत. माझ्याइतका हा आजार अख्ख्या स्कॉटलंडात कुणाला कळतो? अर्जाचा सारांश म्हणे सोप्या भाषेत हवा, पेशंटांचं मंडळ तपासतं. दहा मिनिटांचं काम.

५ फेब्रुवारी
सारांश तयार. पहिलंच वाक्य : 'माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजकेंद्र.' काय सुचलंय! बायकोला, इशबेलला, कच्चा कागद दाखवला. तिचं मत : अक्षर मुंगीएवढं झालंय. पेन बदलणे.

९ फेब्रुवारी
टोस्टचा कोळसा झाला. शेजारी बसून वास कसा आला नाही, म्हणून इशबेल तडतडली. मी चिंतनात होतो. टोस्टर बदलणे.

२० फेब्रुवारी, दुपार
मंडळासमोर बोललो. अध्यक्ष एफी गेडीस, रिटायर्ड बस ड्रायव्हर. हातातला कप थरथरतो, जीभ नाही. म्हणाली, सकाळपासूनचं हे अकरावं वीजकेंद्र, डंडीचं विजेचं बिल माफ व्हायला हवं. मग विचारलं, औषध कधी मिळणार? नातीच्या लग्नात नाचायचंय. मी समजावलं, विज्ञानाला घाई चालत नाही. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. भारावले असावेत.

निघताना बाईनं दारात गाठलं. म्हणे, प्रोफेसर, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, दाखवून घ्या. म्हटलं, हातात फाइल आहे ना! डाव्या हातात होती, पण ते असो.

६ मार्च
अर्ज नापास. शेरा : 'कळलं नाही.' अडाणी कुठले! डॉक्टरकडे जाणार, केवळ त्या एफीला खोटं पाडायला.

१४ मे
डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं मला माझ्याच आजाराची माहितीपुस्तिका दिली. पान दोनवर लक्षणं : मुंगीएवढं अक्षर, न येणारा वास, न हलणारा हात. पान चारवर वीजकेंद्र. तिचं पुढचं काही ऐकू आलं नाही. भयंकर भीती वाटली. इशबेलनं गाडी चालवली, एकदाही टोमणा मारला नाही. त्यानं जास्तच घाबरलो.

११ सप्टेंबर
एफीनं मला मंडळात ओढलंय. आज पहिलाच अर्ज उघडला : 'माइटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं...' पेन उचललं, शेरा लिहिला. एफीनं कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, म्हणाली, हे मुंग्यांचं काय लिहून ठेवलंयस, मोठ्यानं वाच.

वाचलं. 'वीजकेंद्र पुरे. औषध कधी? मला घाई आहे.'