अर्धवट राहिलेल्या शर्यती

कामोठे

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. फोनवर मला रडू येतं आणि मग तूही रडतेस, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. तुझे अळिवाचे लाडू रोज खाते. डबा तुझा जावई निशांतच भरतो, मला ओट्याजवळ येऊ देत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारपासून पुन्हा ऑफिसला जातेय. बाबा विचारत होते ना, मी काय काम करते? परदेशात पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून मैलोन्‌मैल शर्यती होतात, स्कीइंग म्हणतात. त्यांचे निकाल तपासून कोण किती सुधारलं, याचे तक्ते मी करते. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलाय!

काल साहेब म्हणाले, "जे शर्यतीला आलेच नाहीत आणि ज्यांनी मध्येच सोडली, त्यांना एकाच रकान्यात टाक. हिशेबाला सारखेच."

मी म्हटलं, "सर, सारखे कसे? हे निम्म्या वाटेपर्यंत आले होते."

त्यांना तक्ता लगेच हवा होता. शेवटी टाकलं मी एकाच रकान्यात आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. पुन्हा दिवस राहावेत अशी इच्छाच उरली नाही गं.

परवा आपला फोन चालू असताना शेजारच्या काकूंनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, "क्षिप्राचं अजून काही नाही." मला जपायलाच म्हणालीस, कळतं मला. पण तसं नको म्हणूस.

दोन बाळं निघाली होती, आई. पोचली नाहीत.

तुझी,
क्षिप्रा