फुकटची केटली

प्रिय ताई,

आणि मग मी ती केटली तुझ्या भावाच्या पलंगावर आदळली. नकोय मला, म्हटलं. तो म्हणाला, फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, आणि हळू आदळ, शेजारी अभ्यास चाललाय.

सुरुवात गमतीत झाली होती. सकाळी त्याने केटली मला देऊन टाकली. मी खूश. मग शेजारचा लंबू तुझ्या भावाचा टेबलदिवा मिरवत आला. पलीकडचा गवई तुझ्या भावाचेच हेडफोन लावून डोलत होता. मास्तर संन्यास घेतोय बहुतेक, असं म्हणून आम्ही जेवताना पोट धरून हसलो. (मास्तर म्हणजे तुझा भाऊ, वसतिगृहातल्या सगळ्यांना गणित तोच शिकवतो.) हसता हसता लंबू थांबला. दिवा मला दिला, मग हा वाचणार कशाच्या उजेडात?

मी ताट तसंच टाकलं आणि केटली उचलून त्याच्या खोलीकडे पळालो. केटली आदळून झाल्यावर सरळ विचारलं, मरायचा विचार करतोयस का? वाटलं होतं, विचारून आपणच नको ते त्याच्या डोक्यात घालू. ते आधीच तिथे होतं. तो हो म्हणाला, मीठ वाढू का विचारल्यावर म्हणावं तसं. मग रडला. मी मधे न बोलता ऐकत बसलो. मला ओळखतेस ना, माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट! कित्येक आठवडे त्याला झोप नव्हती, आणि दोन विषय गेले होते.

तेवढ्यात दिवा परत आला. हेडफोनही आले, एक कान बंद पाडून. मास्तर रडता रडता गवयावर खेकसला. इतकं गोड खेकसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंना लगेच फोन केला. त्या त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. उद्या सकाळी बोलावलंय, तोवर एकटं सोडू नका म्हणाल्या. त्यामुळे दात घासायलासुद्धा आमची वरात निघते. तो वैतागलाय. वैतागू दे.

हे त्याला विचारूनच लिहितोय. घरी फोनवर तो मजेत आहे म्हणतो. नापास ऐकलं की पुढचं कुणी ऐकणार नाही, अशी त्याला धास्ती आहे. म्हणून ताई, तू ये. बाबांना तूच सांग. मार्कांचं नाव काढू नकोस. नुसती त्याच्याजवळ बस.

तुझाच,
न मागता मिळालेला धाकटा भाऊ

ता. क. सकाळी बाईंकडे गेलो. तो आत, आम्ही तिघे बाहेर बाकावर. बाहेर येऊन म्हणाला, परवा परत बोलावलंय, आणि भूक लागलीय.