बॅगपाइपची धून आणि मेव्हण्याचा दात

३ मार्च, सकाळ
सगळ्यांच्या तब्येतीपासून सुरुवात करावी, मन शांत राहतं. बायको: गुडघा बरा, जीभ ठणठणीत. सून: सर्दी उतरली. मी: उजव्या हाताची बोटं सुजलीत. मेव्हणा: पुढचा दात पडला.

दात माझ्यामुळे पडला असं ही म्हणते. चूक. तो आधीपासूनच हलत होता, मी फक्त निमित्त.

झालं ते असं. काल मैदानावर बँडचा कार्यक्रम होता. शेवटी त्यांच्यातल्या एकानं एकट्यानंच बॅगपाइप वाजवला. अंगावर काटा! मी म्हणालो, ही लढाईची धून, रक्त कसं उसळतंय बघ. मेव्हणा म्हणाला, छे हो भावजी, हे पाळण्याचं गाणं, माझे तर डोळे मिटायला लागलेत. तीस वर्षं आम्ही एकाच करवतीची दोन टोकं ओढतोय, आणि हा मला पाळणा सांगतो! हातात खुर्ची कशी आली, आठवत नाही.

संकल्प: धुनीचं नाव शोधून त्याच्या तोंडावर मारणे. नावच. बाकी काही नाही.

५ मार्च
मेव्हणा कामावर आला नाही. न येवो. त्याच्यावाचून घोडं अडलंय थोडंच? करवतीची दुसरी मूठ खांबाला रबरानं बांधली आणि ओढली. रबर तुटलं, माझ्या हातातली मूठ माझ्याच कपाळावर. सहा टाके. डॉक्टरीणबाईंना धून गुणगुणून दाखवली. त्या म्हणाल्या, हलू नका.

८ मार्च
न्हाव्याला विचारलं. वस्तरा गळ्याशी होता. तो म्हणाला, काका, ही तर कुणाची तरी रिंगटोन. मी उसळलो, माझा कान कापला. मी त्याला दोन लगावल्या, त्यानं मला तीन. धून लढाईचीच! ऐकल्याबरोबर माणसं हाणामारीवर येतात, आणखी पुरावा काय हवा?

११ मार्च
सून म्हणाली, बाबा, मोबाइलसमोर गुणगुणा, तो गाणं ओळखतो. गुणगुणलो. मोबाइल म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. असं तीनदा. हातोडा जवळच होता.
सून बोलत नाही. मोबाइलही.

१४ मार्च
ही म्हणाली, माझा दादा सोमवारपासून कारखान्यात जाणार. तिथे मशीनची करवत आहे, दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही. मी म्हणालो, जाऊ दे, मला काय त्याचं! जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.
दारात मोठा ओंडका येऊन पडलाय. एकट्यानं सहज कापीन. उद्या.

१६ मार्च
ओंडका तसाच आहे. बँडच्या हॉलवर गेलो. ढोलवाल्यानं दारात अडवलं, म्हणाला, आजोबा, तालीम चालू आहे. मी ढकललं, त्यानं ढकललं. चामडं फाडून डोक्यानंच मोठ्या ढोलात गेलो. आत फार अंधार असतो. बॅगपाइपवाल्यानंच पाय धरून बाहेर ओढलं. त्याला धुनीचं नाव विचारलं.

म्हणाला, नाव नाही हो हिला. आजी पाळणा हलवताना म्हणायची. लोक शांतपणे घरी जावेत म्हणून शेवटी वाजवतो. त्या दिवसापर्यंत तरी कुणी कुणाला खुर्ची मारली नव्हती.
पाणी दिलं त्यानं. माणूस चांगला आहे. पण पाळण्यातही लढाईचा जोर असू शकतो, हे त्याला समजत नाही.

१७ मार्च
मेव्हण्याला पत्र. घर चार दारं सोडून आहे, पण टाक्यांना वारा लागेल म्हणून गेलो नाही. ही नेऊन देईल.

“तुझी तब्येत कशी आहे? दाताच्या फटीतून पाणी झोंबतं का? तुझ्या बायकोची कंबर? पोरीचा खोकला? इकडे सगळे ठीक. धुनीची चौकशी केली. दोघांचंही थोडंथोडं बरोबर निघालं, तुझं जरा जास्त. मधे शाई फराटलीय, तिथे मला डुलकी लागली. ती धून गुणगुणत लिहीत होतो.

खांब चुकूनसुद्धा उलट ओढत नाही रे. तुझी मूठ पुसून ठेवलीय.

सोमवारच्या आत दोन ओळी लिही.”