ल्वार नदीच्या काठाने, प्लेनोहून

५ जानेवारी, रविवार
सायकल आली. कार्बन फ्रेम, वजन सात किलो. दोन बोटांवर उचलून दीपाला दाखवली. तिने विचारलं, उचलायची आहे की चालवायची. नवऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतण्यात ती तरबेज आहे.
बेत पक्का. जूनमध्ये फ्रान्स. ल्वार नदीचं खोरं, ऑर्लेआँ ते सोम्यूर, काठाकाठाने दीडशे माइल, सहा दिवस. वाटेत जुन्या राजांचे महाल. आमची लेक इशिता ऑगस्टमध्ये कॉलेजला बॉस्टनला जाईल. मग ती आपल्याबरोबर कशाला येते. सगळे सायकलवर असाल तर येईन, असं थँक्सगिव्हिंगला ती स्वतःहून म्हणाली होती. कानात इअरफोन होते, पण म्हणाली होती.
कॅप्टन मी. उद्यापासून रोज पहाटे साडेपाच.

७ जानेवारी, मंगळवार
काल ऑफिसचा कॉल. आज थंडी. टेक्ससच्या थंडीबद्दल कुणी बोलतच नाही. गुरुवारपासून.

१२ जानेवारी, रविवार
दीपाने शेजारच्या श्रीरंगला आणि त्याच्या बायकोला, मालिनीलाही ट्रिपला बोलावलंय. मला न विचारता. श्रीरंग मूळचा नागपूरचा, वय पंचावन्न, पोट सुटलेलं. सायकल टोपलीवाली. तिच्यावरून इंडियन ग्रोसरीत जातो आणि टोपलीत मेथीच्या जुड्या घालून परत येतो. हेल्मेटच्या आत माकडटोपी. हा माणूस माझ्याशेजारी शांबोरच्या महालासमोर उभा राहणार. फ्रेंच लोकांना काय वाटेल.
दीपाने व्हिसाचं विचारलं. तिला, श्रीरंगला, मालिनीला लागत नाही, तिघं अमेरिकन सिटिझन झालेत. इशिता तर जन्मलीच इथे. दोन वर्षांपूर्वी दीपाने सिटिझनशिपचे शंभर प्रश्न फ्रिजवर चिकटवून पाठ केले, तेव्हा मलाही फॉर्म भर म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं होतं, पुण्यात जन्मलेला माणूस पासपोर्टचा रंग बदलत नाही. शिवाय फॉर्म वीस पानी.
आता म्हणते, तुझ्या इंडियन पासपोर्टवर फ्रान्सचा व्हिसा लागेल. सांगितलं, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्याच्यावर कॅन्कूनला जाऊन आलो, कुणी हूं की चूं केलं नाही. फ्रान्स काय मेक्सिकोपेक्षा शहाणा लागून गेलाय? हिला फॉर्म भरायची हौसच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
पहिली राइड. क्लिपवाले बूट घातले. त्यात पाय पेडलला पक्का अडकतो, ताकद वाया जात नाही. कोपऱ्यावरच्या सिग्नलला व्यवस्थित थांबलो. पाय सुटेना. उभ्या उभ्या उजवीकडे आडवा झालो. एका एसयूव्हीतल्या बाईने काच खाली करून विचारलं, अँब्युलन्स बोलवू का. तिच्या मागच्याच गाडीत इशिता, मैत्रिणींबरोबर. ती सीटमध्ये खाली सरकली, असं मला वाटलं. ऊन डोळ्यांवर होतं, नक्की सांगता येत नाही.
बुटांचं डिझाइन चुकीचं आहे. रिव्ह्यू लिहिला. एक स्टार.

१ मार्च, शनिवार
गॅरेजमध्ये ट्रेनर बसवला. सायकल जागच्या जागी, समोर स्क्रीनवर फ्रान्सचा रस्ता. हीच शास्त्रीय पद्धत. बाहेर भटकणं हौशी लोकांनी करावं. आज बावीस मिनिटं. त्यातली अकरा उताराची, तिथे पाय हलवावे लागत नाहीत. पंखा हवा.

८ मार्च, शनिवार
पंखा आणला. त्याच्यासमोर खुर्ची टाकून रूटचा अभ्यास केला. बरंच काम झालं.

१६ मार्च, रविवार
चढाची प्रॅक्टिस. प्लेनो सपाट. इथे चढ म्हणजे आमच्या ऑफिसच्या पार्किंगचा रॅम्प. रविवारी रिकामा असतो म्हणून गेलो. दुसऱ्या मजल्यावर उतरून सायकल तपासत होतो (मी नाही, सायकल दमली होती) तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. बॅज मागितला. बॅज घरी. मी इथे अकरा वर्षं आहे, प्रिन्सिपल इंजिनिअर आहे, हे त्याला समजावलं. त्याने मला लिफ्टने खाली आणून सोडलं, सायकलसकट. मनातल्या मनात बरं वाटलं, पण तो मुद्दा नाही.

१२ एप्रिल, शनिवार
सगळ्यांची मिळून प्रॅक्टिस राइड, तलावाला वळसा. तीस माइल. मी नवव्या माइलला मागचं चाक बघायला थांबलो. चाकात काही नव्हतं. पण कॅप्टनने बघायला नको?
पुढे गेलो नाही. कुणीतरी गाड्यांपाशी थांबायला हवं होतं. श्रीरंगने तीस माइल पूर्ण केले, मेथीची टोपली लावून. इशिता त्याच्याबरोबर होती. परत आल्यावर दोघं हसत होते. श्रीरंगकाकांनी तिला पंक्चर काढायला शिकवलं म्हणे. पंक्चर काढणं ही काय शिकायची गोष्ट आहे, दुकानं कशाला असतात. मी तिला गिअर रेशो समजावून सांगणार होतो. ती म्हणाली, लेटर, बाबा. तिचं हे लेटर, म्हणजे नंतर कधीतरी, मी गेली पाच वर्षं ऐकतोय.

१० मे, शनिवार
खरं काम आता झालं. रूटची चौदा कार्डं स्वतः बनवली, लॅमिनेट केली, कोपऱ्यात भोक पाडून रिंगमध्ये ओवली. कुठे वळायचं, कुठे पाणी, कुठली बेकरी सोमवारी बंद. कुठे थांबून मागे वळून बघायचं. ब्लुआ गाव सोडल्यावर शोमाँचा महाल टेकडीवर आहे, तिथला चढ लाल शाईने. श्रीरंगला म्हटलं, याला म्हणतात तयारी. तो म्हणाला, एकदम मस्त. ह्याला टोमणा कळत नाही.
दीपाने पुन्हा व्हिसाचं काढलं. लिंकही पाठवली. म्हटलं, बघतो. प्रत्येक गोष्टीत शंका काढली की माणसाचं मनोबल खचतं. कार्डं तिच्या बॅगेत ठेवायला दिली. ती गोष्टी हरवत नाही.

३० मे, शुक्रवार
मोठे रायडर मोहिमेआधी दोन आठवडे विश्रांती घेतात. मी पाच घेतोय.

१३ जून, शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात
घरी.
नीट लिहून ठेवतो. चेक-इनला मी सगळ्यांत पुढे, सायकलचं खोकं घेऊन. बाकीचे तिकडे भाड्याने घेणार, मी नाही. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट बघितला, व्हिसाचं पान शोधलं, पुन्हा शोधलं. मी ग्रीन कार्ड दाखवलं. ती म्हणाली, हे तुम्हाला घरी परत यायला उपयोगी पडेल. मी कॅन्कूनचं उदाहरण दिलं. मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने तेच वाक्य हळू आवाजात म्हटलं. मागे रांग वाढत होती, त्यात माझ्या ऑफिसमधला देवांग. त्याने हात हलवला.
दीपा व्हिसाबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. ती राहते म्हणाली. इशितानेही विचारलं, मग मीपण राहू का. मी म्हटलं, वेडी आहेस का, जा, मी दोन दिवसांत गाठतो तुम्हाला. श्रीरंगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. काढ म्हणता येईना.
खोकं टॅक्सीत मावेना. दोन टॅक्सी सोडल्या, तिसरी मोठी व्हॅन मिळाली.

१४ जून, शनिवार
व्हिसाची सगळ्यात लवकरची अपॉइंटमेंट २१ ऑगस्ट. इशिताचा हॉस्टेलमध्ये जायचा दिवस २० ऑगस्ट.
दीपाने जानेवारीत जरा ठासून सांगायला हवं होतं.

१६ जून, सोमवार
ऑफिसात देवांगने विचारलं, इतक्यात परत? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न होता. एका देशाचा पासपोर्ट म्हणजे काय हे या लोकांना कळायचं नाही. त्याने जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. तत्त्वाचं नाही, काउंटरचं.
ल्वारबद्दल आणखी वाचलं. सगळा रस्ता सपाट, म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन चालवतात. असल्या रूटला माझ्यासारख्याने जाऊन करायचं काय होतं?
सिटिझनशिपचा फॉर्म डाउनलोड केला. नुसता बघायला. वीस पानं. प्रिंटरमध्ये शाई नाही. पुढच्या सोमवारपासून.

१९ जून, गुरुवार, दुपारी साडेबारा
सुट्टी. गॅरेजमध्ये बसलो होतो. इशिताचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे संध्याकाळ. नाक उन्हाने लाल. मागे नदी, रुंद, शांत, मधेमधे वाळूची बेटं. मी वाचलं होतं तशीच. पाठीमागे श्रीरंग चाकाला हवा भरत होता. तिकडेही त्याला टोपलीवालीच सायकल मिळाली आहे. टोपलीत लांब ब्रेड.
इशिता म्हणाली, तुझी कार्डं एकदम करेक्ट आहेत, बाबा, बेकरीसुद्धा. शोमाँच्या कार्डामागे मी मराठीत काहीतरी लिहिलं होतं. तिला मराठी वाचता येत नाही, दीपाने चढाच्या सुरुवातीला वाचून दाखवलं. मी विसरलोच होतो. 'इथे इशिता दमेल. आपण थांबायचं. ती दमली म्हणून थांबलो असं म्हणायचं नाही, माझा पाय दुखतोय म्हणायचं.'
ती म्हणाली, ती अजिबात दमली नव्हती. तरी सगळे तिथे पाच मिनिटं थांबले. मग इशितानेच म्हटलं, बाबाचा पाय दुखतोय.
मी जरा पंख्याकडे बघितलं. तिने विचारलं, तू आज किती चालवलीस. म्हटलं, वीस माइल. ती म्हणाली, नाइस.
सायकल अजून खोक्यात आहे.