साडूच्या फ्रिजमधलं क्रोमियम

२ जानेवारी
तीन महिन्यांची सरासरी साखर ९.२. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एप्रिलमध्ये आठच्या खाली आली नाही तर इन्शुलिन. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. इन्शुलिन घेणारा म्हणजे हरलेला माणूस, हे माझं मत जगजाहीर आहे.

४ जानेवारी, रविवार
साडूकडे जेवण. त्याची साखर ९.८ वरून ६.९. घरी येईपर्यंत बायकोचं एकच पालुपद: भावजींचा चेहरा कसा उजळलाय, भावजी किती शिस्तीचे. माझ्या चेहऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, दाढी करा.
त्याचं गुपित मात्र पकडलं. मॅग्नेशियमची बाटली टेबलावर, उघड्यावर. पण पाण्यासाठी फ्रिज उघडला तर दारात, सॉसच्या बाटलीमागे, छोटा पांढरा खोका. हात घालणार तोच मेहुणीने फ्रिज लावला. नक्की क्रोमियम. जगाला मॅग्नेशियम दाखवायचं आणि आपण क्रोमियम खायचं! मी वजनमापं निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं काटा मारणारे दुकानदार पकडतोय. मला शेंडी लावतो.

६ जानेवारी
क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, तिन्ही आणलं. फ्रिजच्या दारात, सॉसमागे. बायको म्हणाली, बाटलीवर कोरड्या जागी ठेवा असं लिहिलंय. तिला यातलं काय कळतंय.
संकल्प: रोज पाऊण तास चालणे. सोमवारपासून.

१९ जानेवारी, सोमवार
आभाळ होतं. बूट भिजले असते.

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
उपाशीपोटी २१४. बोट ओलं असणार. दुसरं बोट: २२१. तीनदा तपासल्याशिवाय कुठलाही काटा नापास करायचा नाही, हा माझा ऑफिसातला नियम. तिसरं बोट: २०९. तेच लिहून ठेवलं. पहाटेपासून बारा पॉइंटांची घट.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांचा निरोप समारंभ. केक. अर्धाच तुकडा घेतला. मग उरलेला अर्धा, वाया जाऊ नये म्हणून. रात्रीचं क्रोमियम दुपारीच घेऊन टाकलं, फिट्टंफाट. डॉक्टरीणबाईंची गोळी कधीकधी राहते. क्रोमियम एकदाही चुकलेलं नाही, याला शिस्त म्हणतात. पण घरात कुणाला कौतुक आहे?

१ मार्च, रविवार
साडू-मेहुणी आमच्याकडे. बायकोने भावजींना विचारून विचारून वाढलं. मी मागितलेलं दुसऱ्यांदा आलंच नाही.
जेवणाआधी साडू आतल्या खोलीत गेला. दार लोटलं. पाच मिनिटं. म्हणजे माझ्याच घरात, माझ्या नाकावर टिच्चून क्रोमियम. एक गोळी मला दिली असती तर काय बिघडलं असतं? रागाने दोन केळी खाल्ली. केळ्यात मॅग्नेशियम असतं.

३१ मार्च
परवा तपासणी. दोन दिवस फक्त काकडी. शाळेतही मी आदल्या रात्री अभ्यास करूनच पास होत असे. साडूचे ६.९. आपण ६.५ धरून चालू. बायकोचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२ एप्रिल
९.६.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांची सरासरी दोन दिवसांच्या काकडीला भुलत नाही. क्रोमियमचं सांगितलं. म्हणाल्या, शरीरात एखादं खनिज कमी असेल तर आम्हीच देतो, पण ते गोळीच्या जागी चालत नाही. मग इन्शुलिन लिहून दिलं. उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा म्हणाल्या.
औषधांच्या दुकानात हातात आला तो छोटा पांढरा खोका. मी काउंटरवरच बघत उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, काका, सरका जरा.

२ एप्रिल, संध्याकाळ
साडूला फोन केला. गेल्या ऑक्टोबरपासून इन्शुलिन घेतोय. सगळ्यांना माहीत होतं. बायकोलासुद्धा. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाला, त्याच्या वाढदिवसाला भरल्या ताटावर मीच म्हणालो होतो, इन्शुलिन घेणारा हरलेला. तो त्याच सकाळी दवाखान्यातून इन्शुलिनचं पेन घेऊन आला होता.
मला ते आठवत नाही. म्हणालो असेन.
मग विचारलं, किती युनिट. म्हणाला, चौदा. मला दहा आहेत. म्हणजे चारने मीच पुढे. हे बायकोला सांगितलं. तिने सॉसमागून माझी क्रोमियमची बाटली काढली आणि तिथे खोका ठेवला.
टोचायचं कसं, ते शिकवायला साडू उद्या येतोय. बायको म्हणते, घाबरू नका, भावजींचा हात फार हलका आहे.