आगीचं पाणी

चाचा, त्या दिवशी आगीचं पाणी कुठे गेलं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही होतात तोवर धीर झाला नाही, आणि आता सांगायला तुम्ही नाही.

मोताळ्याच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये तुम्ही मिस्त्री आणि मी तुमच्या हाताखाली. बीटीचं बियाणं आलं आणि आवारात कापूस मावेना. गंजी सरकत सरकत हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या नळांना, टेकायला लागल्या. तुम्ही प्रत्येक हायड्रंटभोवती चुन्याचं रिंगण आखलंत, आणि त्यात बोंडभर कापूस पडला तरी मुकादमाच्या अंगावर धावून जात होतात. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी एकेक हायड्रंट उघडायचा, धार हातावर घ्यायची, मग पुढचा. मी एकदा लांबूनच ‘आहे पाणी’ म्हणालो, तर सगळ्यांसमोर ओरडलात, “अबे, हात लावून पाह्य! डोयानं पाह्यल्याशिवाय पाणी हाय म्हनाचं नाई.” तेव्हा फार राग आला होता. म्हातारा उगाच भाव खातो, असंही मी मागे बोललोय.

आपल्या हौदाला दोन तोंडं होती. अर्ध्यावरचं पिण्याच्या नळाचं, तळाजवळचं फक्त आगीच्या पंपाचं. पाणी अर्ध्यावर आलं की वरचा नळ आपोआप बंद पडायचा आणि खालचं पाणी आगीसाठी राहायचं. पाऊस कमी झालेल्या त्या वर्षी मार्चातच विहीर आटली. टँकर आज येतो, उद्या येतो, असं चाललेलं. नळ कोरडा पडला तेव्हा कापूस निवडणाऱ्या बाया तुमच्याभोवती जमल्या. “भाऊ, हौदात इतकं पाणी हाय, अन् आमाले घोटभर नाई?” एकीने विचारलं. तुम्ही मान खाली घातलीत. “बाई, थे आगीचं हाय. मह्या बापाचं असतं त देल्लं असतं.” दुसऱ्या दिवसापासून घरून सायकलला दोन कॅन टांगून आणायला लागलात.

त्याच उन्हात तुम्हाला ताप आला. तीन दिवस हौद माझ्यावर सोपवलात. चौथ्या दिवशी आलात, अजून अंगात कसर होती. पंपाच्या खोलीत बसता बसता विचारलंत, “पाणी पाह्यलं का?” मी म्हणालो, “हाव चाचा, अर्ध्यावर हाय.” मी पाहिलेलं नव्हतं.

दुपारी कापसातला लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला आणि ठिणगी उडाली. अजूनही तो धूर आधी नाकात शिरतो, मग दिसतो. तुम्ही पंप चालू करता. होज फुगतो, धार गंजीवर बसते, बाया हातांनी कापूस मागे ओढतायत, आणि मला वाटतं, निभावलं. तेवढ्यात पंपाचा आवाज हलका होतो. माझ्या हातातला होज चपटा पडतो. तुम्ही माझ्याकडे पाहता. नांदुऱ्याचा बंब आला, पण फाटकात कापसाचे ट्रॅक्टर अडकलेले. ते मागे घेईपर्यंत मोठी गंजी गेली. तुमचे दोन्ही तळवे भाजले. माणूस कोणी गेलं नाही, एवढंच नशीब.

मग तुम्ही हौदावर चढलात. आत सोडलेली हिरवी नळी भाजल्या हातांनी ओढून काढलीत आणि मॅनेजर यायच्या आत गुंडाळून पिशवीत घातलीत. तो ओरडत आला तर म्हणालात, “गलती मही हाय साहेब. तीन दिस मी पाह्यलं नाई.” दुसऱ्या दिवशी तुम्हाला कामावरून काढलं. मी फाटकापर्यंत आलो. तुम्ही हाताला बांधलेल्या फडक्याकडे पाहत म्हणालात, “तहानल्या बायांले पाणी पाजलं तू. मले सांगाले पाह्यजे होतं बे. पन गुन्हा नाई थो.” मी तुमची सायकल फाटकाबाहेर काढून दिली.

चाचा, बायांना मी दिलं ते दोन ड्रम. तेही कोणी पाहिलं तर सांगायला व्हावं म्हणून. बाकी पाणी आवाराच्या भिंतीपलीकडे गेलं. तिकडे माझं घर उठत होतं आणि स्लॅब नुकताच टाकला होता. पाणी नाही मिळालं तर तडकेल, अशी भीती होती. आळी बांधून तीन दिवस मी आगीचं पाणी त्या स्लॅबवर भरून ठेवत होतो. तुम्ही हौदावर चढायच्या आधी नळीचं भिंतीपलीकडचं टोक मीच ओढून घेतलं आणि बायांच्या ड्रमात टाकलं.

आता मी दुसऱ्या जिनिंगमध्ये मिस्त्री आहे. रोज सकाळी धार हातावर घेतो. लोक मागे मला काय म्हणत असतील, ते मला ठाऊक आहे.

हे पत्र तुमच्या मुलीला नेऊन द्यावं, असं फार वाटलं. ती नांदुऱ्यातच असते. पण नेणार नाही. तुम्ही तिला काय सांगून ठेवलंय कोण जाणे, ईदला गेलो की ती घरातल्यांना सांगते, “अब्बा म्हनत ना, बायांले पाणी पाजनारा, थो ह्योच.” मी मान खाली घालतो आणि शीरखुर्मा खातो. तिनं ते दर वेळी सांगावं असं मला वाटतं, चाचा.