दर पोरामागे खर्च

३ फेब्रुवारी २००३
दर विद्यार्थ्यामागच्या सरकारी खर्चाच्या यादीत आमच्या जिल्ह्याच्या शाळा तळाला. साहेब ओरडले. मी शांतपणे म्हणालो, मार्चअखेर पहिला नंबर आणतो. आणला की अधीक्षकाची खुर्ची माझी. या ऑफिसात आकडा समजणारा माणूस एकच आहे.

११ फेब्रुवारी
संकल्प : खर्च न वाढवता खर्चाचा आकडा वाढवणे. खरा खर्च काय, कोणीही वाढवेल.
शाळांच्या खर्चात आज ऑफिसची जीप, पंखे आणि माझा पगार घातला. नवा क्लार्क गौरांग विचारतो, सर, तुमचा पगार शाळेचा कसा? म्हटलं, दिवसभर डोक्यात शाळाच असतात. बी.कॉम. आहे म्हणे. वाटत नाही.
आकडा वाढला. पुरेसा नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी
दाढी करताना सुचलं. पोरं कमी धरली तरी उत्तर वाढतं! पटावरची धरायचीच कशाला? हजर तेवढीच धरू. आणि मोजणी देवळ्याकडे कांदाकाढणी चालू असतानाच करू.
इंदिराला सांगितलं. म्हणाली, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? गणितात कच्ची आहे. लग्नाआधी बघायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी
देवळ्याजवळची शाळा. एक खोली, तीन पोरं. मुख्याध्यापिका कलाबाई म्हणाल्या, साहेब, बाकीची कांद्यात आहेत, चार दिवसांनी या, सत्तर दाखवते. म्हटलं, मला तेवढा वेळ नाही. मग दुसरी खोली मागायला लागल्या. तीन पोरांना दोन खोल्या! अशा लोकांच्या हातात शिक्षण.
तीन लिहिले. तिथला आकडा महागड्या कॉन्व्हेंटच्या फीच्या वर गेला. बाईंना सांगितलं. चेहऱ्यावर काडीचा आनंद नाही.

३१ मार्च
पहिला नंबर!! ऑफिसात पेढे वाटले. गौरांगने घेतला नाही. डायबेटिस असावा. येताना मेन रोडला नव्या खुर्चीसाठी उशी बघून ठेवली.

१० एप्रिल
ऑर्डर आली. वर सगळे अडाणी बसलेत. माझाच आकडा दाखवून म्हणतात, शाळांवर भरपूर खर्च होतोय, नव्या खोल्या नकोत. इथवर ठीक. पुढे : ज्यांचा पगार शाळांच्या खर्चात दाखवला आहे, त्यांनी शाळेत हजर व्हावे. ऑफिसात असा मी एकटाच. साहेबांकडे गेलो. आकडा तुमचाच ना, म्हणाले, आणि चहा मागवला. एकच.

१५ एप्रिल
तात्पुरतं आहे. देवळ्यापर्यंत एसटीत उभा. कलाबाईंनी विचारलं, शिकवता काय येतं? म्हटलं, मी आकडेवारीतला माणूस. म्हणाल्या, मग पहिलीला एक ते दहा घ्या. पोरं झाडून सगळी आली होती. खोलीत मावेनात, म्हणून माझा वर्ग बाहेर, उन्हात.
शाळा सुटेपर्यंत सातपर्यंत पोचलो. घसा बसला.